धाकट्याला काय सांगायचे?



घरात एखादे मूल दगावले की भेटायला येणारा प्रत्येक जण आधी आईजवळ जाऊन बसतो, मग ओटीवर येऊन बापाचा हात हातात घेतो. आजीआजोबांचीही विचारपूस होते. गेलेल्या मुलाचा धाकटा भाऊ किंवा थोरली बहीण मात्र त्या दिवशी कोणाच्या हिशेबात नसते. त्यांना शेजारी पाठवतात, मामाकडे नेऊन ठेवतात, हातात बिस्किटांचा पुडा देऊन टीव्हीसमोर बसवतात. ‘लहान आहे, त्याला काय कळणार’ असे सगळे म्हणतात. त्याने काही विचारलेच तर ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. दादा झोपलाय. दादा गावाला गेलाय. दादा देवाला आवडला, म्हणून देवाने त्याला नेले.

येत्या २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी आपण कबरस्थानात जमू. त्यात काही छोट्या कबरीही असतील, आणि त्यांच्याशी मेणबत्ती हातात धरून उभी राहिलेली, मेलेल्या भावंडापेक्षा आता वयाने मोठी झालेली मुले असतील. त्यांच्यासाठी हा विषय घेत आहोत. हा विषय मानसशास्त्राचा आहे हे खरेच, पण त्याआधी तो नीतीचा आहे. लहान मुलाला सत्य सांगण्याचे ऋण मोठ्यांवर आहे काय? की दुःखाच्या दिवशी गोड खोटे बोलण्याची आपल्याला मुभा आहे?

संत ऑगस्टीन यांच्यापुढे हा प्रश्न फार जवळच्या रूपात आला होता. इसवी सन ४२०च्या सुमारास असत्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी एक उदाहरण घेतले आहे. एक माणूस गंभीर आजारी आहे. त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे, पण हे त्याला ठाऊक नाही. तो तुम्हांला विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? ‘आहे’ म्हणावे तर ते खोटे. ‘ठाऊक नाही’ म्हणावे तर तेही खोटे. ‘गेला’ म्हणावे तर त्या धक्क्याने हा माणूसही जायचा. आपले मन या उदाहरणाने हेलावते हे ऑगस्टीन लपवत नाहीत, पण खोटे बोलण्याची परवानगी काही ते देत नाहीत. आठशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांचीच बाजू उचलून धरली, फक्त तिला एक खिडकी ठेवली: खोटे बोलणे नेहमीच वाईट, मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवता येते.

ऑगस्टीन कठोर वाटतात. खाटेवरच्या त्या बापाच्या बाबतीत आम्हांलाही ते कठोर वाटतात. पण लहान मुलाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती ऑगस्टीनच्या बाजूने वेगळी आहे. त्या आजारी माणसाला कदाचित दोन दिवस काढायचे होते. या मुलाला त्याच घरात, त्याच रिकाम्या बिछान्याशेजारी पुढची साठसत्तर वर्षे काढायची आहेत. आज सांगितलेले खोटे कधीतरी परत घ्यावे लागणार. बहुधा ते घरचे कोणी घेत नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत एखादा मोठा मुलगा ते फोडतो. त्या दिवशी त्या पोराला भाऊ दुसऱ्यांदा मरतो, आणि सोबत आईबापांच्या शब्दावरचा विश्वासही जातो.

‘झोपलाय’ हा शब्द घेऊ. तुम्ही म्हणाल, फादर, हा शब्द तर पवित्र शास्त्रातला आहे. बरोबर आहे. लाजरस झोपला आहे, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले. परंतु योहानच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुढे वाचा. शिष्यांची समजूत चुकली. झोपलाय ना, मग बरा होईल, असे ती चांगली दाढीमिशा आलेली माणसे म्हणाली. तेव्हा प्रभूला रूपक बाजूला ठेवून उघड शब्दांत सांगावे लागले की लाजरस मेला आहे. जे रूपक प्रेषितांना उमगले नाही ते चार वर्षांच्या मुलीला उमगेल अशी अपेक्षा आपण करतो! तिला इतकेच कळते की दादा झोपला, आणि मग त्याला पेटीत घालून खिळे ठोकले. त्या रात्रीपासून ती झोपायला घाबरली तर नवल नाही.

‘गावाला गेला’ यावर फार बोलायला नको. गावाला गेलेला माणूस परत येतो. न सांगता गेला असेल तर तो आपल्यावर रागावून गेला, असेच मूल समजते.

तिसरे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते आणि ते भक्तिभावाने बोलले जाते, म्हणून त्याच्याशी जरा झगडावे लागेल. ‘चांगली माणसे देवाला लवकर आवडतात.’ श्रद्धांजलीच्या फलकांवर हे असते, कधी कधी अंत्यविधीच्या वेळी माइकवरूनही ऐकू येते. मुलांचे तर्कशास्त्र आपल्यापेक्षा सरळ असते. दादा चांगला होता म्हणून देवाने नेला. तर मग आपण चांगले असू नये हे बरे. किंवा याच्या उलटे: देवाने दादाला निवडले, मला ठेवले, म्हणजे मी चांगला नाही. आणि एवीतेवी जो देव आईच्या कुशीतून मूल उचलून नेतो त्याच्यापुढे रोज रात्री हात जोडायचे कशासाठी? आमच्या मते हे वाक्य निर्दय आहेच, पण त्याहून मोठी हरकत अशी की ते खरे नाही. मरण देवाने घडवले नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही, अशी शिकवण ज्ञानग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात आहे. लाजरसच्या कबरीशी प्रभू रडला. आपणच एखाद्याला मारून मग त्याच्यासाठी कोणी रडत नाही. देव मेलेल्या मुलाला आपल्या हाती घेतो यावर आपली श्रद्धा आहे. परंतु झेलणारा आणि पाडणारा यांत फरक आहे, आणि घाईगर्दीत आपण तोच पुसून टाकतो.

‘पण त्यांना कळते का हो?’ असे कोणी विचारील. बुडापेस्ट शहरात तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून मारिया नागी या अभ्यासक बाईंनी १९४८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणे किंवा झोपेसारखे काही वाटते. नऊदहाव्या वर्षी ते सर्वांना येते व त्यातून परतता येत नाही हे त्यांना स्पष्ट होते, असे त्यांना आढळले. पुढच्या अभ्यासकांनी ही समज बऱ्याच मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यानच येते असे दाखवले. यात ख्रिस्तसभेला नवे काही नाही. सात वर्षे पूर्ण झाली की मुलाला विवेकबुद्धी आली असे आपला धर्मसभेचा कायदा धरतो. त्या वयात आपण त्याला कुमसाराला गुडघे टेकायला लावतो, प्रथम ख्रिस्तप्रसाद देतो. पाप म्हणजे काय, प्रभूचे शरीर म्हणजे काय हे ज्याला समजते असे आपण मानतो, त्याला सख्ख्या भावाचे मरण समजणार नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मग सांगायचे काय? आधी शरीराबद्दल सांगावे, स्वर्गाबद्दल मागाहून. दादा मेला. त्याचे हृदय थांबले. आता त्याला श्वास नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही, भूक लागत नाही. तो परत घरी येणार नाही. ही वाक्ये जिभेवर येत नाहीत हे आम्हांला ठाऊक आहे. पण ती आधी सांगितली नाहीत तर पुढची सगळी श्रद्धा मुलाच्या डोक्यात गोंधळ करते. दादा वर स्वर्गात गेला म्हणता, मग त्याला खाली खड्ड्यात का घातले? त्याला तिथे पाणी कोण देईल? पाऊस आला तर? ज्याला शरीराचे सांगून झाले आहे त्यालाच, दादाला देवाने आपल्याजवळ घेतले आहे आणि शेवटच्या दिवशी आपण सारे पुन्हा उठणार आहोत, हे सांगता येते. आणि तरीही ते पोर म्हणाले की मला स्वर्गातला नको, इथला दादा हवा, तर त्याला अश्रद्ध समजू नये. आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, असे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावर भाष्य करताना संत थॉमस यांनीच म्हटले आहे. शेजारी झोपणारे, लाथा मारणारे, पांघरूण ओढणारे ते शरीर त्या मुलाला हवे आहे. ते मूल थॉमसच्या शाळेतले आहे.

सत्य सांगणे ही एक बाजू झाली. दुःखात वाटा देणे ही दुसरी. इसवी सन ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात संत मोनिकाने प्राण सोडला तेव्हा ऑगस्टीनचा मुलगा आदेओदातुस मोठ्याने रडू लागला. तो पंधरासोळा वर्षांचा होता. खोलीतल्या मोठ्या माणसांनी त्याला गप्प केले. ख्रिस्ती मरणावर आक्रोश शोभत नाही, असे त्यांना वाटत होते. ऑगस्टीन यांनी स्वतःही डोळे कोरडे ठेवले, दफन होईपर्यंत ठेवले, आणि नंतर एकांतात देवापुढे रडले. हे सारे त्यांनीच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. आजी गेलेल्या त्या मुलाला एकांत मिळाला की नाही, ते मात्र त्यांनी सांगितलेले नाही. तोही पुढे थोड्याच वर्षांत वारला.

आपल्याकडे मुलांना गप्प करण्याची रीत जरा निराळी आहे. ‘तू रडलास तर आईला त्रास होईल.’ ‘आता तूच मोठा, तुलाच सांभाळायचंय.’ आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आपण घर ठेवतो. मूल मात्र आपल्यासारखे सलग रडत नाही. दहा मिनिटे हुंदके देईल, मग अंगणात जाऊन गोट्या खेळेल, आणि रात्री जेवताना ताटावर एकदम थांबेल. त्याला खेळताना पाहून ‘बघा, विसरला’ म्हणणारे चुकतात. जेवढे पेलते तेवढे तो एका वेळी उचलतो, मग खाली ठेवतो. ही देवाने मुलांना दिलेली सोय आहे. तिला कोणी नावे ठेवू नयेत.

अंत्यविधीला मुलांना न्यावे की नाही, असे लोक आम्हांला नेहमी विचारतात. त्यांना विचारावे, असे आमचे मत. तिथे काय काय होईल ते आधी सांगावे: पेटी असेल, लोक रडतील, बाबाही रडतील, मग सगळे माती देतील. तुला यायचे आहे का? येतो म्हणाला तर एक मोठे माणूस फक्त त्याच्यासाठी असावे, मधेच नको झाले तर त्याला बाहेर नेणारे. नाही म्हणाला तर ओढून नेऊ नये, आणि पेटीत वाकून पापा घ्यायला तर कोणीही कोणाला कधीही भाग पाडू नये. एखादे चित्र, गोटी, चिठ्ठी त्याला पेटीत ठेवायची असेल तर ठेवू द्यावी. आम्हां धर्मगुरूंना त्याचा काही अडथळा होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मूल तोंडाने क्वचितच सांगते. भावंडे भांडतात. ‘तू मर’ असे घराघरांत दिवसातून चार वेळा म्हटले जाते. आणि मग एक दिवस तो खरेच मरतो. लहान मुलाला आपल्या मनातल्या विचाराचे बळ फार मोठे वाटते. आपण म्हटले म्हणून झाले, असे ते धरून चालते. आपल्याच मरण पावलेल्या धाकट्या भावाविषयी बाळपणी वाटलेला मत्सर आणि त्यातून उरलेली अपराधाची भावना यांविषयी सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मित्राला लिहिले होते. तो भाऊ वारला तेव्हा फ्रॉइड दोन वर्षांचेही नव्हते. धर्मावर त्यांचे आणि आमचे पटत नाही, पण इथे त्यांनी जे ओळखले ते कुमसार ऐकणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला ओळखीचे वाटेल. म्हणून मुलाने विचारण्याची वाट न बघता त्याला सांगावे: तू बोललास, भांडलास, खोडरबर लपवलेस, यातल्या कशानेही तो मेला नाही. आज सांगावे आणि महिन्याभराने पुन्हा सांगावे.

लिझ्यूच्या संत तेरेजाचे घर आपल्याला भक्तिपुस्तकांतून ठाऊक असते, पण ते मुलांच्या मरणांनी पोखरलेले घर होते हे लक्षात राहत नाही. लुई आणि झेली मार्टिन यांना नऊ मुले झाली. १८६७ ते १८७० या चार वर्षांत त्यांतली चार गेली: दोन मुलगे, पाच वर्षांची एलेन आणि एक तान्ही मुलगी. ती झालीच नसती तर बरे झाले असते, अशी सांत्वने झेलीला ऐकावी लागली आणि ती तिला कधीच पटली नाहीत. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी या नवराबायकोला संतपद दिले. त्यांच्या पाच मुली जगल्या. मारी आणि पोलीन या दोन थोरल्यांची जोडी होती, सेलीन आणि तेरेजा या धाकट्यांची जोडी होती. मधली लिओनी एलेनच्या जोडीची, आणि एलेन गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढे लिओनी ही घरातली ‘अवघड’ मुलगी झाली. अभ्यास जमेना, मठाच्या शाळेतून परत पाठवली गेली. एलेनच्या जाण्यानेच ती तशी झाली असे आम्ही म्हणणार नाही. तिची आजारपणे होती, घरातल्या मोलकरणीचा तिच्यावर धाक होता, हे पुढे उघडकीस आले. पण संतांच्या घरातही जोडी तुटलेले एक मूल असे मधेच उभे राहू शकते. तीन वेळा मठात जाऊन परत आल्यावर १८९९ साली ती कां शहराच्या मठात टिकली आणि १९४१ साली तिथेच वारली. तिलाही पुण्यवंत ठरवण्याची प्रक्रिया २०१५ साली सुरू झाली आहे.

तेरेजाने तर ती चार भावंडे पाहिलीच नव्हती. ती जन्मली १८७३ साली, आणि तिला गेलेल्या तान्ह्या बहिणीचेच नाव दिले गेले. १८८६ साली थोरली मारी मठात गेली तेव्हा तेरेजा तेरा वर्षांची होती आणि क्षुल्लक गोष्टींत पाप शोधण्याच्या छळाने बेजार होती. तेव्हा तिने मदत मागितली ती त्या चौघांकडे. घरातल्या धाकटीला मोठ्यांकडे मागावे तसे तिने मागितले, आणि तिला शांती मिळाली. संतांची सहभागिता आपण दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो. ही सहभागिता मुलांना याहून सोपी करून कशी सांगावी, आम्हांला सुचत नाही. दादाशी बोलावे. त्याच्या वाढदिवसाला त्याचे नाव घ्यावे. त्याचा फोटो भिंतीवर असावा, पण जगलेल्यांचेही फोटो तितकेच मोठे असावेत.

फोटोची गोष्ट आम्ही उगीच काढलेली नाही. १८६७ साली स्कॉटलंडमध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा बर्फावर पडून मेला. आईने अंथरूण धरले. तिचा सहा वर्षांचा धाकटा मुलगा मेलेल्या भावाचे कपडे घालून, त्याच्यासारखी शीळ घालून तिच्यापुढे उभा राहू लागला. तो पुढे मोठा लेखक झाला, जेम्स बॅरी. कधीच मोठा न होणाऱ्या पीटर पॅन या मुलाची कथा त्याचीच. आपल्या घरांतही हे घडते. ‘तो असता तर पहिला आला असता’ हे वाक्य जेवताना एकदा बोलले गेले की धाकट्याला आयुष्यभर एका मेलेल्या मुलाशी शर्यत लावावी लागते. मेलेला कधी नापास होत नाही.

सर्वांत कठीण सत्य म्हणजे आत्महत्येचे. तपशील लहानांना नकोत. संत थॉमस यांची ती खिडकी इथे उघडावी. पण ‘पोटात दुखत होते’ अशी खोटी गोष्ट रचू नये. त्याचे मन फार आजारी झाले होते आणि त्या आजाराने तो मेला, एवढे सहासात वर्षांच्या मुलालाही सांगता येते, आणि मूल वाढेल तसे त्यावर चढवता येते. ते कधी परत घ्यावे लागत नाही. अशा मृत्यूत मनाच्या आजाराने माणसाची जबाबदारी कमी होते, हे धर्मसभेच्या प्रश्नोत्तरग्रंथात आहे. त्या आत्म्यासाठी आपण प्रार्थना करतो, मिस्सा वाहतो. गल्लीत कोणी त्या मुलांना भावावरून हिणवील तर मोठ्यांनी तिथल्या तिथे त्याचे तोंड बंद करावे.

हे सगळे आईबापांनीच करावे, असे सांगणे आम्हांला जड जाते. मूल गमावलेल्या आईकडे महिनोन्‌महिने उठून चहा करण्याचे बळ नसते. अशा वेळी धर्ममाता आणि धर्मपिता कुठे आहेत? स्नानसंस्काराच्या दिवशी मेणबत्ती धरण्यापुरती ती माणसे नव्हती. आठवड्यातून एक संध्याकाळ त्या मुलाला घेऊन समुद्रावर जावे, दुसरे काही नको. त्याच्या शिक्षकांना जाऊन भेटावे. आणि मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, खातपीत नसेल, ‘मलाही दादाकडे जायचंय’ असे म्हणत असेल तर डॉक्टरांकडे न्यायला लाजू नये. सरकारची १४४१६ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते. प्रार्थना आणि डॉक्टर यांत भांडण नाही.

नोव्हेंबर महिन्यातील मिस्सांसाठी मृतांच्या नावांची पाकिटे देवळाच्या मागच्या टेबलावर ठेवली आहेत. ज्या घरांतून भाऊ किंवा बहीण गेली आहे त्या घरांतील मुलांनी ते नाव स्वतःच्या हाताने लिहावे. जन्मताच गेलेल्या, नाव न ठेवलेल्या बाळासाठी ‘आमचे बाळ’ लिहिले तरी चालेल. अक्षर वाचता येण्यासारखे नसले तरी आणावे, आम्ही लावून वाचू.